फ्रेंच वाचलं की कळतं, ऐकलं की कळत नाही: नेमकं कुठे अडतं ते शोधायचा क्रम

आधी लक्षणं. तुमची जुळतात का बघा.

फ्रेंच उतारा कागदावर दोनदा वाचला की बऱ्यापैकी उमगतो, पण तोच कुणी बोलून दाखवला तर पहिल्या वाक्यानंतर सगळं डोक्यावरून जातं. क्रियापदांचे तक्ते पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल, पण समोरच्यानं साधं 'काल काय केलंस' म्हणून विचारलं तर पहिला शब्द तोंडाबाहेर पडेपर्यंत चार-पाच सेकंद जातात. आकडा ऐकून लिहून घेईपर्यंत पुढचं वाक्य संपलेलं असतं. तुमचं बोलणं ऐकून फ्रेंच माणूस दोनदा 'पार्दों?' विचारतो आणि मग इंग्रजीवर येतो. डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा देऊन झाली असेल तर गुणपत्रिकेत वाचनाला २५ पैकी १८-१९, लेखनालाही तेवढेच, ऐकण्याला मात्र ७ किंवा ८.

यातली तीन लक्षणं जुळली तर पुढचं वाचा. मी फोंड्याला घरी फ्रेंचची शिकवणी घेते आणि हाच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता नवीन विद्यार्थी दहा मिनिटं बोलला की कुठून सुरुवात करायची ते लक्षात येतं.

गोव्यात हे इतकं आढळतं त्याला कारण आहे. आपल्या घरात कोकणी, प्राथमिक शाळा मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आणि हायस्कूलमध्ये गुण मिळतात म्हणून फ्रेंच. ते फ्रेंच इंग्रजीतून समजावलेलं, इंग्रजीतून भाषांतर करायला लावलेलं आणि कागदावर तपासलेलं. कानाचा आणि तोंडाचा त्यात फारसा संबंधच आला नाही. पुढे दहा वर्षांनी फ्रान्सला शिकायला जायचं ठरतं किंवा कॅनडाचे कागद सुरू होतात, आणि मग ते जुनं फ्रेंच कपाटातून काढलं तर ते मुकं आणि बहिरं निघतं. माझं ठाम मत असं की, मराठी माणसानं फ्रेंच इंग्रजीच्या वळणानं शिकणं हाच निम्मा बिघाड आहे. मराठीतून फ्रेंचकडे जाणारा रस्ता जवळचा आहे, आणि तो आपण वापरत नाही.

आता तपासणी. क्रम फुकटापासून महागाकडे आहे, तो मोडू नका. लोक पहिल्याच दिवशी जाडजूड व्याकरणाचं पुस्तक किंवा महागडा कोर्स विकत घेतात. बहुतेकांना त्याची गरज नसते.

परीक्षा कुठली, हे आधी नक्की करा

याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. डेल्फ आणि डाल्फ या पदविका आहेत. डेल्फच्या ए१, ए२, बी१, बी२ अशा पायऱ्या, डाल्फच्या सी१ आणि सी२. तुम्ही एक पायरी निवडून तिचीच परीक्षा देता, आणि मिळालेली पदविका आयुष्यभर चालते. टीसीएफ आणि टेफ या दुसऱ्या दोन फ्रेंच चाचण्यांचं तसं नाही. त्यात नापास-पास नसतं, तुम्ही कुठल्या पातळीवर आहात एवढंच ठरतं, आणि निकाल दोन वर्षं चालतो. कॅनडाच्या केंद्र सरकारकडे करायच्या स्थलांतराच्या अर्जाला डेल्फ चालत नाही. तिथं टीसीएफ कॅनडा किंवा टेफ कॅनडाच लागते.

एका ताई म्हापशाहून माझ्याकडे आल्या होत्या. कुणा एजंटच्या सांगण्यावरून त्यांनी बी२ची डेल्फ दिली, पासही झाल्या, आणि नंतर कळलं की कॅनडाच्या अर्जात ती पदविका धरलीच जात नाही. फी आणि सात महिने गेले. त्यांचं फ्रेंच चांगलं होतं. परीक्षा चुकली होती, बाकी काहीच नाही. म्हणून ज्या विद्यापीठाला किंवा खात्याला कागद द्यायचा आहे त्यांच्या स्वतःच्या सूचनांत परीक्षेचं नाव वाचा, मगच पुढे जा. डेल्फच्या तारखा पणजीच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेकडे विचारा. जी परीक्षा गोव्यात होत नसेल तिच्यासाठी कुठल्या शहरात जावं लागेल तेही त्याच दिवशी विचारून घ्या, कारण मग रेल्वेचं तिकीट आणि रजा दोन्हींचा हिशेब येतो.

गुणपत्रिका नीट वाचा

आधी परीक्षा दिली असेल तर तिच्याइतका स्वस्त डॉक्टर नाही. डेल्फमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, प्रत्येकी २५ गुणांचे. एकूण १०० पैकी ५० हवेत, आणि कुठल्याही एका भागात ५ पेक्षा कमी असतील तर बाकीचे कितीही असोत, नापास. म्हणजे ऐकण्यात ४ मिळाले तर वाचनातले २३ तुम्हाला वाचवत नाहीत. पण ऐकण्यात ७ असून तुम्ही एकूण ४७ वर अडकला असाल तर हिशेब वेगळा. तिथं बोलण्यातले तीन गुण वाढवणं जास्त सोपं असू शकतं. हे पाहिल्याशिवाय 'माझं ग्रामर कच्चं आहे' असा निकाल स्वतःवर देऊ नका. माझ्याकडे येणारे जवळजवळ सगळे तेच म्हणत येतात, आणि जवळजवळ सगळे चुकलेले असतात.

परीक्षा दिलीच नसेल तर फ्राँस एद्युकासियों अँतेरनास्योनाल या फ्रेंच सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर प्रत्येक पायरीच्या नमुना प्रश्नपत्रिका आवाजासकट फुकट आहेत. एक घ्या, घड्याळ लावा, सोडवा.

अर्ध्या मिनिटाची श्रुतलेखन चाचणी

सगळ्या तपासण्यांत मी हिच्यावर जास्त विसंबते, म्हणून सविस्तर सांगते.

आरएफआय या फ्रेंच रेडिओचं 'जुर्नाल आँ फ्राँसे फासील' नावाचं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे, सोप्या फ्रेंचमधलं, आणि त्याचा लिखित मजकूरही सोबत मिळतो. त्यातला कुठलाही अर्ध्या मिनिटाचा तुकडा घ्या. तीनदा ऐका आणि ऐकू येईल ते लिहा. कळलं नाही तिथं रेघ मारा. मग मजकूर उघडा आणि शेजारी ठेवून चुका तपासा. प्रत्येक चुकीला तीनपैकी एक खूण करा. शब्द माहीतच नव्हता तर गोल. शब्द माहीत होता, वाचल्यावर लगेच ओळखला, पण ऐकताना शेजारच्या शब्दाला चिकटला म्हणून निसटला, तर आडवी रेघ. एका आवाजाच्या जागी दुसराच ऐकला तर फुली.

हे का महत्त्वाचं? कारण तिन्हींचं औषध वेगळं आहे. गोल जास्त निघाले तर तुम्हाला शब्दसंग्रह हवा, म्हणजे वाचन वाढवा, कानाला दोष देऊ नका. फुल्या जास्त निघाल्या तर पुढची तपासणी तुमची आहे. आणि आडव्या रेघा जास्त निघाल्या, ज्या आपल्याकडे बहुतेकांच्या निघतात, तर तुमचा कान फ्रेंच भाषेतली संधी ओळखत नाही.

संधीच म्हणते, कारण ती आपल्याला शाळेत शिकवलेली असते. 'जगत्' आणि 'ईश' मिळून 'जगदीश' होतं तेव्हा आपण बावरत नाही. फ्रेंचमध्ये हे वाक्यावाक्याला होतं. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी'. 'व्हू' आणि 'आव्हे' मिळून 'व्हूझाव्हे'. 'अजून नाही' या अर्थाचे 'पा' आणि 'आँकोर' मिळून 'पाझाँकोर'. एरवी मुका असलेला शेवटचा व्यंजन पुढे स्वर आला की जागा होतो. त्या एका जाग्या आवाजावर अर्थ फिरतो: 'इलझों' म्हणजे त्यांच्याकडे आहे, 'इलसों' म्हणजे ते आहेत. परीक्षेत ऐकून वेळ ओळखायचा प्रश्न येऊ शकतो, आणि दोन वाजता व बारा वाजता यांत फरक फक्त पहिल्या स्वराचा आहे, कारण दोन्हींत मधे झ येतो. वाचणाऱ्या डोळ्याला हे शब्द सुटे दिसतात. कानाला ते कधीच सुटे मिळत नाहीत.

यात भर म्हणजे रोजच्या बोलण्यात फ्रेंच लोक शब्द खातात. पुस्तकात 'ज न से पा' असतं, मला माहीत नाही. रस्त्यावर ते 'शे पा' होतं. 'इल य आ'चं 'या' होतं. 'त्यु आ'चं 'ता'. नकारातला 'न' तर बोलताना बहुतेक वेळा गळतोच. आपणही 'काय करतो आहेस'चं 'काय करतोयस' करतोच. कुणी परदेशी माणूस फक्त पुस्तकातलं 'करतो आहेस' शिकून आला तर तोही मडगावच्या बसस्टँडवर असाच गोंधळेल.

दुरुस्ती अशी. तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा मजकूर समोर ठेवून दहा वेळा ऐका आणि प्रत्येक जोडाच्या जागी पेन्सिलीनं खालून कंस काढा. मग मजकूर झाका आणि बोलणाऱ्याच्या पाठोपाठ, अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं, त्याच्या चालीत म्हणा. समजून घ्यायचा प्रयत्न त्या वेळी करू नका, चाल पकडा. चवथीला आपल्या घरातली लहान मुलं घुमट या वाद्याच्या तालावर आरत्या म्हणतात तेव्हा त्यांना कुठे अर्थ कळत असतो? पण ताल आणि उच्चार ती बरोबर उचलतात, आणि काही वर्षांनी आरत्यांचं पुस्तक हातात आलं की शब्द आपोआप सुटे होतात. फ्रेंचचा कान असाच तयार होतो. रोज वीस मिनिटं. आठवड्यातून एकदा सलग तीन तास बसणाऱ्यांचा कान तयार झालेला मी पाहिला नाही.

एक बारीक गोष्ट. इअरफोनवरच सराव करू नका. डेल्फला बहुधा वर्गात एकाच स्पीकरवर आवाज लावतात, वर पंखा फिरत असतो, आणि जूनचं सत्र असेल तर बाहेर आपला पाऊस. शेवटचे दोन आठवडे मोबाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ऐका.

तोंड तपासा

इथं लोक 'र'वर महिने घालवतात. घशातला फ्रेंच 'र' जमला नाही तरी कुणी तुमचा चुकीचा अर्थ घेत नाही. आपला मराठी र लावा आणि पुढे चला. वेळ घालवायचा तो दुसऱ्या तीन ठिकाणी.

पहिलं, त आणि द. फ्रेंच त-द दाताला जीभ लावून होतात, अगदी मराठीसारखे. पण इंग्रजीच्या सवयीनं आपली मुलं 'ताब्ल'ला 'टाब्ल' आणि 'मादाम'ला 'माडाम' म्हणतात. प, त, क हेही मराठीसारखेच, श्वास न सोडता. म्हणजे इथं नवीन काही शिकायचं नाही, इंग्रजी काढून टाकायचं आहे. एकदा हे सांगितलं की एका तासात फरक पडतो. डिचोलीच्या एका मुलीनं फक्त एवढी दुरुस्ती करून पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग आणलं तेव्हा मला ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

दुसरं, 'तू' आणि 'सगळं' यांसाठीचे शब्द. दोन्ही कानाला 'तू' वाटतात, पण पहिल्यातला स्वर मराठीत नाही. ओठ ऊ म्हणताना करतो तसे गोल पुढे काढा, आणि आत जिभेनं ई म्हणा. आरशासमोर करा. 'द स्यु' म्हणजे वर, 'द सू' म्हणजे खाली, तेव्हा हा फरक चुकला तर वस्तूची जागाच उलटी होते. वर सांगितलेला दोन वाजता-बारा वाजताचा घोळही असल्याच गोल ओठांच्या स्वराचा आहे: दोनमध्ये ए म्हणायचा, पण ओठ गोल.

तिसरं, नाकातले स्वर. 'व्हँ' म्हणजे वाइन, 'व्हाँ' म्हणजे वारा, 'व्हों' म्हणजे ते जातात. मराठी वाचक अनुस्वार दिसला की पुढच्या व्यंजनाप्रमाणे न, म किंवा ङ लावतो, म्हणून आपलं 'बोंजूर' हे 'बोनजूर' होतं. तो न काढायचा आहे. सुदैवानं गोव्यात औषध घरातच आहे. कोकणीत 'खंय गेल्लो?' विचारताना तो 'खंय' कसा म्हणता? त्यात न नाही, नुसतं नाक आहे. तेच इथं हवं. कोकणीनं पोर्तुगिजांकडून घेतलेले शब्दही मदतीला येतात. फेस्त आणि फ्रेंच 'फेत', इगर्ज आणि 'एग्लीझ', कपेल आणि 'शापेल' ही एकाच लॅटिन घराण्यातली भावंडं आहेत. ज्या घरात पोर्तुगीज जाणणारे आजोबा-आजी आहेत तिथल्या मुलांना शब्द लवकर ओळखू येतात, फक्त शेवटचा स उच्चारायची सवय त्यांना सोडावी लागते.

यासाठी मोबाइलवर रोज एक मिनिट रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको. त्याच दिवशी आपण काय म्हणायचं होतं तेच ऐकतो, काय म्हटलं ते ऐकत नाही.

आकडे

वेगळी तपासणी, पाच मिनिटांची. ७० ते ९९ मधले वीस आकडे कुणाकडून तरी वाचून घ्या आणि लिहा. चार-पाच चुकले तर दुरुस्ती करा. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार विसा, सत्त्याण्णव म्हणजे चार विसा सतरा. इंग्रजीतून शिकताना हा प्रकार विचित्र वाटतो. पण कोडी म्हणजे वीस हे आपल्याला माहीत आहे, आणि जुनी माणसं नारळ विसा-विसांनीच मोजायची. चार विसा सतरा असं मराठीत मनात म्हणा, आकडा लगेच दिसतो. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांनी सांगतात, म्हणून 'स्वासाँत' ऐकल्याबरोबर घाईनं ६० लिहू नका. मागून 'कँझ' येतं आणि तो आकडा ७५ असतो. बाजारात मासळीचे भाव मनात फ्रेंचमध्ये म्हणायची सवय माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी लावून घेतली आहे, खर्च शून्य.

इंग्रजी वळण

बोलताना अडखळणं बहुतेक वेळा इथून येतं. डोक्यात विचार कोकणी-मराठीत, मग तो इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. दोन नद्या ओलांडायच्या म्हटल्यावर वेळ लागणारच. चाचणी सोपी आहे: 'मला ते आवडतं' हे फ्रेंचमध्ये सांगा. इंग्रजी वळणाचा माणूस 'मी'पासून सुरुवात करतो. पण फ्रेंचमध्ये 'सा म प्ले' असंही म्हणतात, त्यातला 'म' म्हणजे सरळ आपला 'मला'. ते, मला, आवडतं. 'मला तुझी आठवण येते' याचंही तसंच, तिथंही 'मला' लागतो आणि क्रियापद समोरच्या माणसाप्रमाणे चालतं.

अशा जागा शोधल्या की सापडत जातात. 'लहान असताना मी शाळेत चालत जायचो' आणि 'काल मी शाळेत गेलो' यात मराठी दोन वेगळी रूपं वापरते, फ्रेंचही वापरतं. इंग्रजीत दोन्हींना एकच साधा भूतकाळ चालून जातो, म्हणून इंग्रजीतून शिकलेला मुलगा आयुष्यभर त्या दोन काळांत गोंधळतो. त्याला एवढंच सांगायचं: 'जायचो' म्हणाल तिथं अँपार्फे, 'गेलो' म्हणाल तिथं पासे काँपोझे. हा नियम शंभर टक्के नाही, पण परीक्षेपुरता पुष्कळ धावतो. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' हे फ्रेंच सब्जाँक्तीफचं, म्हणजे इच्छा-शंका दाखवणाऱ्या रूपाचं, जवळचं नातेवाईक आहे. 'मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिलं' इथं क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तर नेमकं हेच होतं. लिंगानुसार विशेषण बदलणं, तू आणि तुम्ही यांतला फरक, हे इंग्रजी माणसाला नव्यानं शिकावं लागतं. तुम्ही ते आईच्या मांडीवर शिकलात.

ही गोष्ट मला उशिरा कळली याची खंत आहे. सुरुवातीची काही वर्षं मीही इंग्रजीतूनच शिकवत होते, कारण मला तसंच शिकवलेलं होतं. साखळीच्या एका मुलाला मी पाच महिने इंग्रजीतल्या व्याकरणाच्या पुस्तकातून घोटून घेतलं आणि तो पुन्हा ऐकण्यात व बोलण्यात पडला. निकाल घेऊन आला तेव्हा तो माझ्याशी मराठीत, वेगानं, हातवारे करत बोलत होता. तेव्हा मला जाणवलं की या मुलाला बोलता येतं, मीच त्याला भलत्या दारानं आत घालत होते.

इंग्रजीसारखे दिसणारे फसवे शब्द वहीत वेगळे लिहा. 'अक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या. 'रेस्ते' म्हणजे राहणं. 'आताँद्र' म्हणजे वाट पाहणं. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयाला 'बिब्लियोतेक' म्हणावं लागेल. समोर मराठी अर्थच लिहायचा, इंग्रजी नाही.

लेखन

इथं बिघाड क्वचित असतो, म्हणून थोडक्यात. बी१ ला ४५ मिनिटांत किमान १६० शब्द, बी२ ला एका तासात किमान २५०. दोन मोकळ्या जागांमध्ये जे येतं तो एक शब्द धरतात, त्यामुळे लोपचिन्हानं (अपॉस्ट्रॉफीनं) जोडलेले दोन शब्द एकच मोजले जातात. हे न कळल्यामुळे शब्द कमी पडलेले मी पाहिलेत. प्रश्नात पत्र मागितलंय की लेख, कुणाला उद्देशून, किती मुद्दे, हे अधोरेखित केल्याशिवाय पेन टेकवू नका. शेवटची सात मिनिटं फक्त लिंग-वचनाच्या जुळणीसाठी राखून ठेवा.

तोंडी परीक्षा

ही शेवटी, कारण याला दुसरं माणूस लागतं. बी१ ला तीन भाग: स्वतःबद्दल बोलणं, एक प्रसंग निभावणं आणि छोटा मजकूर वाचून मत मांडणं. तिसऱ्या भागासाठी आधी दहा मिनिटं मिळतात. बी२ ला तयारीला तीस मिनिटं आणि मग साधारण वीस मिनिटं मत मांडणं व वाद घालणं. तयारीत पूर्ण वाक्यं लिहिणारे पडतात. ते कागद वाचू लागतात, आणि परीक्षकानं मधे प्रश्न टाकला की कोसळतात. कागदावर दहा-बारा शब्दच हवेत.

उदाहरणं आपली द्या. न पाहिलेल्या आयफेल टॉवरबद्दल बोलताना शब्द सुचत नाहीत, कारण मनात चित्र नसतं. पर्यटनाचा विषय आला तर किनाऱ्यावरच्या शॅकबद्दल बोला, शेतीचा आला तर खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या खाजन जमिनींबद्दल, वाहतुकीचा आला तर भाड्यानं मोटारसायकलवरून माणसं नेणाऱ्या पायलटबद्दल. पायलट म्हणजे काय हे फ्रेंच माणसाला समजावून सांगताना तुम्ही आपोआप तीन-चार वाक्यं सलग बोलता, आणि परीक्षकालाही नवीन ऐकायला मिळतं. 'बागेत' या लांब फ्रेंच पावाची परंपरा २०२२ साली युनेस्कोच्या यादीत गेली. आपला पोदेर पहाटे सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन येतो, त्याच्याशी तिची तुलना करून माझ्या एका विद्यार्थिनीनं पाच मिनिटं न थांबता बोलून दाखवलं.

प्रश्न कळला नाही तर गप्प बसू नका. 'व्हू पुव्हे रेपेते, सिल व्हू प्ले?' असं विचारायला पूर्ण मुभा असते, आणि नीट विचारणं हाही भाषेचाच भाग आहे. विचार करायला वेळ हवा असेल तर 'आलोर', 'आँ फेत' असे फ्रेंच टेकू वापरा. तिथं इंग्रजी 'यू नो' आलं की सगळी लय तुटते. सरावाला जोडीदार नसेल तर दोघा-तिघांचा गट करा. हिवाळ्यात हरमल, हणजूणच्या बाजूला फ्रेंच पर्यटक असतात. शॅकवर काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यानं ऑर्डर घेता घेताच बी१चं बोलणं तयार केलं.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वर सांगितलेलं रोज वीस मिनिटं, सहा ते आठ आठवडे करा. दर रविवारी नवीन तुकडा घेऊन श्रुतलेखनाच्या खुणा मोजा. आडव्या रेघा कमी होत असतील तर चालू ठेवा. आठ आठवड्यांनी आकडा तिथेच असेल तर एकट्यानं करणं थांबवा आणि शिक्षकाकडे जा. स्वतःची चूक स्वतःला ऐकू येत नाही, तिथं दुसऱ्याचा कानच लागतो. सी१च्या वर जायचं असेल तर सुरुवातीपासूनच शिक्षक हवा. तीन महिन्यांत शून्यापासून बी२ची हमी देणाऱ्या वर्गांना पैसे देऊ नका. कान इतक्या लवकर तयार होत नाही.

मराठी-कोकणीसुद्धा फोनवर नीट ऐकू येत नसेल, टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटत असेल, तर भाषेचे व्यायाम बंद करून आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पन्नाशीच्या एका काकांना मी दोन महिने श्रुतलेखन देत होते, आणि त्यांना खरी गरज श्रवणयंत्राची होती. बोलताना मराठीतही अडखळत असाल तर वाचा-उपचारतज्ज्ञ. परीक्षेच्या खोलीत छाती धडधडून शब्दच जात असतील आणि हे पूर्वी इतर परीक्षांतही झालं असेल, तर समुपदेशक. त्यावर जास्तीचा सराव उपयोगी पडत नाही.

श्रवणदोष, दृष्टिदोष किंवा वाचनाची अडचण असलेल्यांना डेल्फमध्ये वाढीव वेळ वगैरे सोय मिळू शकते. पण ती नाव नोंदवतानाच, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मागावी लागते. परीक्षेच्या दिवशी सांगून काही होत नाही.

शिक्षकाकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. जुनी गुणपत्रिका, खुणा केलेली शेवटची चार श्रुतलेखनं आणि मोबाइलवरची पहिल्या व शेवटच्या आठवड्यातली रेकॉर्डिंग सोबत न्या.